परिणाम, क्रम आणि धरणाचा भराव

भारतीय दर्शनांनी नित्य आणि अनित्य यांचा विचार करताना उदाहरणे नेहमी हाताजवळची घेतली: मातीचा घट, सुताचा पट, दिव्याची ज्योत, कापल्यावर पुन्हा वाढणारी नखे. या उदाहरणांतील बदल एका माणसाच्या आयुष्यात, पुष्कळदा काही दिवसांत, पाहता येतो, आणि त्यांचे सामर्थ्यही त्यातच आहे. परंतु जी वस्तू घडवणाऱ्या पिढीनंतरही टिकावी म्हणूनच बांधली जाते, जिच्यातील बदल पाहणाऱ्याच्या हयातीहूनही सावकाश घडत राहतो, आणि तरीही जिच्या खालच्या खोऱ्यात राहणाऱ्यांचे जीवित त्या बदलाच्या ज्ञानावर अवलंबून असते, अशा वस्तूविषयी हाच प्रश्न विचारला की त्याचे स्वरूप पालटते. दगडी भरावाचे धरण ही अशी वस्तू आहे. ते स्थिर आहे असे म्हणण्याचा नेमका अर्थ काय, त्यातील बदल कोणाला आणि कसा कळतो, आणि ज्याला तो कळतो त्याच्यावर कोणते बंधन येते, हे प्रश्न एकमेकांत गुंतलेले असून योगदर्शनातील परिणामविचाराच्या आधारे ते जितके स्पष्ट मांडता येतात तितके केवळ स्थापत्याच्या परिभाषेत मांडता येत नाहीत, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

दगडी भरावाचे धरण म्हणजे खाणीत सुरुंग लावून फोडलेले दगड थराथराने पसरून आणि दाबून उभारलेला प्रचंड बांध. हे दगड चुन्याने किंवा सिमेंटने एकमेकांना जोडलेले नसतात. स्वतःच्या वजनाने आणि परस्परांतील घर्षणाने ते जागेवर राहतात. असा भराव पाणी अडवू शकत नाही, म्हणून एकतर त्याच्या पोटात चिकणमातीचा अभेद्य गाभा भरतात, ज्याला धरणांवर काम करणारे लोक ‘हार्टिंग’ म्हणतात, किंवा पाण्याकडील उतारावर काँक्रीटचा तुलनेने पातळ स्लॅब घालतात. भारतातील सर्वांत उंच धरण, म्हणजे उत्तराखंडातील भागीरथी आणि भिलंगना यांच्या संगमाखाली उभे असलेले टिहरी, यांपैकी पहिल्या प्रकारचे, माती आणि दगडी भरावाचे आहे. त्याची उंची २६०.५ मीटर असून माथ्याची लांबी ५७५ मीटर आहे. ऑक्टोबर २००५ मध्ये त्याचा जलाशय भरू लागला. तेव्हापासून पावसाळ्याअखेर पाणी वर चढते आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत खाली उतरते. जलाशयाची पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून ८३० मीटर, तर किमान वापर पातळी ७४० मीटर ठरवलेली असल्यामुळे या धरणावरील पाण्याच्या भाराचा चढउतार दरवर्षी नव्वद मीटरपर्यंत जाऊ शकतो. ज्या वस्तूला लोक अचल डोंगरासारखी समजतात ती अशा प्रकारे प्रत्येक वर्षी भार घेते आणि सोडते, आणि भाराच्या प्रत्येक फेरीत तिच्या अंगात थोडा न परतणारा फरक राहून जातो.

हा फरक कशाने पडतो, हे समजण्यास विसाव्या शतकाचा बराच भाग जावा लागला. दोन दगड एकमेकांवर टेकतात ते संपूर्ण पृष्ठभागाने नव्हे, काही थोड्या टोकांनी. त्यामुळे वरच्या भरावाचा सारा भार त्या टोकांवर एकवटतो. टोक ठिचते, दगड किंचित सरकतो, नव्या ठिकाणी टेकतो, आणि भार पुन्हा दुसऱ्या टोकांवर जातो. मृदायांत्रिकीचे, म्हणजे माती आणि भराव यांच्या बलविचाराच्या शास्त्राचे, जनक मानले जाणारे कार्ल टर्झागी यांनी १९६० मध्ये कॅलिफोर्नियातील सॉल्ट स्प्रिंग्ज आणि लोअर बेअर रिव्हर या धरणांच्या वर्तनाची चर्चा करताना भराव बसण्याच्या मुळाशी संपर्कबिंदूंचे हे चुरडणे असल्याचे मांडले. पुढे मेक्सिकोत, १९६३ मध्ये पूर्ण झालेल्या एल इन्फिएर्नियो धरणाच्या निमित्ताने, राउल मार्साल यांनी एक मीटरहून अधिक व्यासाचे दगडी नमुने दाबून कण किती प्रमाणात फुटतात याचे पद्धतशीर मोजमाप केले. दगडातील सूक्ष्म चिरांच्या टोकाशी ओलावा पोहोचला की तोच भार असूनही चिरा पुढे वाढतात, हेही नंतरच्या संशोधनातून स्पष्ट झाले. म्हणून कोरड्या भरावात जे चुरडणे दशकानुदशके रेंगाळले असते ते पाऊस मुरल्यावर झपाट्याने घडते. लॉस एंजेलिसजवळच्या कॉग्सवेल धरणाचा दगड कोरडाच टाकलेला होता आणि १९३३ च्या अखेरीस झालेल्या मुसळधार पावसाने तो भराव काही मीटर खाली बसला. पावसाचे वजन त्या भरावाच्या वजनापुढे नगण्य होते. या गोष्टीकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

ओल्या, नीट दाबलेल्या भरावातही चुरडणे थांबत नाही. ते मंदावते, आणि त्या मंदावण्याला एक विशिष्ट रीत असते. भराव बसण्याचे प्रमाण काळाच्या लघुगणकाशी जुळते, म्हणजे बांधकाम संपल्यानंतरच्या पहिल्या वर्षापासून दहाव्या वर्षापर्यंत माथा समजा सहा सेंटिमीटर बसला, तर दहाव्यापासून शंभराव्या वर्षापर्यंत तो पुन्हा सुमारे तितकाच बसेल. १९६० च्या सुमारास कंपन देणारे जड रोलर प्रचारात येण्यापूर्वी दगड उंचावरून नुसते ओतले जात, आणि अशा धरणांचा माथा काही दशकांत उंचीच्या एक टक्क्याच्या आसपास खाली येई; रोलरने दाबलेल्या भरावात हे प्रमाण साधारणतः त्याच्या दशांश-पंचमांशावर आले. शंभर मीटर उंचीच्या धरणाला वीस-तीस वर्षे झाली म्हणजे त्याच्या माथ्याची हालचाल वर्षाला एखाद-दोन मिलिमीटर इतकी उरते. धरण बांधतानाच माथ्याला मध्यभागी थोडी जास्त उंची दिलेली असते, जिला कॅम्बर म्हणतात. भविष्यात होणाऱ्या परिणामाची ती आगाऊ दिलेली कबुली आहे, आणि तात्त्विक दृष्टीने पाहिले तर नकाशावरच वस्तूच्या जुनेपणाला जागा राखून ठेवण्याची ही रीत अत्यंत प्रगल्भ आहे.

एखाद-दोन मिलिमीटरांची काळजी का करावी, असे विचारता येईल. उत्तर असे की, संपूर्ण धरण सारखेच बसले तर धोका जवळपास नाही. धोका शेजारशेजारच्या भागांतील फरकात असतो. मातीचा गाभा आणि दगडी कवच वेगवेगळ्या वेगाने बसतात. कवच ताठर असेल तर बसू पाहणारा गाभा त्याच्या दोन्ही कुशींवर टांगल्यासारखा राहतो, गाभ्यातील दाब कमी होतो, आणि तो जलाशयातील पाण्याच्या दाबाहून कमी झाला तर पाणी गाभ्याला आतून चिरू शकते. काँक्रीटच्या स्लॅबच्या धरणात मागचा भराव सरकला की स्लॅब वाकतो, सांधे उघडतात, पाझर वाढतो. डोळ्यांना दिसणारी भेग किंवा गढूळ झालेला पाझर हा या साखळीतील बराच उशिराचा दुवा असतो. १२ जुलै १९६१ रोजी पुण्याजवळील पानशेतचे मातीचे धरण फुटले, त्याच्या आदल्या रात्री पाणी सोडण्याच्या विमोचकावरील भराव खचत असल्याचे उपस्थितांना दिसत होते आणि लष्कराचे जवान माथ्यावर वाळूची पोती रचत होते. ते धरण दगडी भरावाचे नव्हते आणि त्याचे खचणेही दीर्घकालीन नव्हते, त्यामुळे त्याचा दाखला येथे एवढ्यापुरताच घ्यावा, की भराव खचताना प्रत्यक्ष डोळ्यांना दिसू लागतो तेव्हा त्या ज्ञानाने करण्यासारखे फारसे काही उरलेले नसते. जे ज्ञान उपयोगी पडते ते अदृश्य बदलाचे ज्ञान, आणि ते होते कसे हा ज्ञानमीमांसेचा खरा प्रश्न आहे.

पातंजल योगसूत्रांच्या तिसऱ्या पादात परिणामाचे तीन प्रकार सांगितले आहेत, आणि ते चित्ताप्रमाणेच भूतांना व इंद्रियांनाही लागू असल्याचे तेथे स्पष्ट केले आहे. त्यामुळे हा विचार धरणाला लावणे ही रूपकाची उचल नसून त्या सिद्धांताच्या मूळ कक्षेतच राहणे आहे. धर्मपरिणाम म्हणजे धर्मीला, म्हणजे आधारभूत द्रव्याला, नवा गुणविशेष येणे: मातीच्या गोळ्याचा घट होणे, किंवा डोंगरातील खडकाचा भराव होणे. लक्षणपरिणाम म्हणजे तोच धर्म भविष्यातून वर्तमानात आणि वर्तमानातून भूतात जाणे: नकाशातील धरण, उभे धरण आणि कधीकाळी असलेले धरण. अवस्थापरिणाम म्हणजे वर्तमानात असलेल्या धर्माचे नवेपणातून जुनेपणाकडे जाणे, आणि या सूत्रांवरील व्यासभाष्याच्या मते हा तिसरा परिणाम एका क्षणासाठीही थांबत नाही. धरणांच्या दीर्घकालीन निरीक्षणाचा विषय नेमका हाच आहे. मात्र यापेक्षा महत्त्वाचा विचार चौथ्या पादाच्या अखेरीस, क्रमाच्या विवेचनात येतो. तेथील प्रतिपादनाचा आशय असा, की क्रम हा क्षणांशी बांधलेला असतो, परंतु त्याचे ग्रहण परिणामाच्या शेवटच्या टोकाशी होते. जपून ठेवलेल्या वस्त्राचे जुनेपण अखेरीस एकदम जाणवते, पण ते अखेरीस एकदम आलेले नसते, प्रत्येक क्षणाने त्यात आपला वाटा टाकलेला असल्याशिवाय ते आलेच नसते. एका क्षणाचा परिणाम प्रत्यक्षाला अगम्य, आणि तरीही अनुमानाला अपरिहार्य, अशी ही रचना आहे.

अभियंत्याच्या नोंदवहीतील एखादा सुटा आकडा याच कारणाने जवळजवळ अर्थहीन असतो. माथ्यावरील एखादा बिंदू गेल्या वर्षात पाच मिलिमीटर खाली गेला, या विधानातून धरण सुदृढ आहे की आजारी, हे सांगता येत नाही. तेच पाच मिलिमीटर दुसऱ्या वर्षी अपेक्षेहून कमी आणि तिसाव्या वर्षी चिंताजनक ठरू शकतात. अर्थ क्रमात असतो: वेग मंदावत असेल तर भराव आपल्या स्वभावाप्रमाणे जुना होत आहे, आणि वेग पुन्हा वाढू लागला असेल तर कोठेतरी नवे कारण शिरले आहे. म्हणून धरण स्थिर आहे या विधानाचा शास्त्रीय अर्थ धरण हलत नाही असा कधीच नसतो. ते ज्या रीतीने हलावे अशी अपेक्षा आहे त्याच रीतीने हलत आहे, एवढाच त्याचा अर्थ असतो. व्यासभाष्यात नित्यतेचे दोन प्रकार केले आहेत. पुरुषाची, म्हणजे शुद्ध चैतन्याची, नित्यता कूटस्थ, म्हणजे ज्यात कोणताही बदल संभवत नाही अशी, तर प्रकृतीच्या गुणांची नित्यता परिणामी, म्हणजे बदलत असतानाही ज्याचे तत्त्व नष्ट होत नाही अशी. काटेकोरपणे पाहता धरण हे विकार, म्हणजे प्रकृतीतून घडलेले कार्य, असल्यामुळे त्याला यांपैकी कोणतीही नित्यता लागू होत नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु परिणाम होत असतानाही तत्त्व न गमावणे ही कसोटी त्याच्या मर्यादित आयुष्यालाही लावता येते, आणि लावली असता ती फार नेमकी ठरते. गाभ्याची अखंडता, पाणीपातळी आणि माथा यांच्यात राखलेले मोकळे अंतर, आणि पाझर स्वच्छ व मर्यादित असणे, हे धरणाचे तत्त्व. ते टिकून असेतो त्याने आकार बदलला तरी ते धरण आहे. किंबहुना दगडी भरावाचे बळ त्याच्या या नमण्यातच आहे, कारण पायाच्या असमान खचण्याशी जुळवून घेताना जेथे ताठर दगडी बांधकामाला तडा जातो तेथे भराव नुसता आपली मांडणी बदलतो.

टिहरीसंबंधीचा दीर्घ वाद या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. सुंदरलाल बहुगुणा यांच्या नेतृत्वाखालील विरोधकांनी हिमालयातील भूकंपांचा धोका पुढे आणला, १९९१ च्या उत्तरकाशी भूकंपाने त्या शंकेला धार आली, आणि समर्थकांनी संकल्पन पुरेसे सुरक्षित असल्याचे उत्तर दिले. विस्थापितांचे दुःख आणि नदीविषयीची श्रद्धा हे त्या वादाचे स्वतंत्र आणि तितकेच गंभीर भाग आहेत. त्यांचा निवाडा येथे करावयाचा नाही. परंतु सुरक्षिततेपुरते बोलायचे तर दोन्ही बाजूंनी, धरण सुरक्षित आहे की नाही असा, एकदाच उत्तर देऊन संपवता येईल असा प्रश्न विचारला, जणू सुरक्षितता हा धरणाचा कूटस्थ धर्म आहे. सुरक्षितता हा परिणामी धर्म आहे. तो संकल्पनाच्या दिवशी सिद्ध होत नाही, दरवर्षी नव्याने पाहावा लागतो. राल्फ पेक यांनी १९६९ मध्ये सविस्तर मांडलेल्या निरीक्षणपद्धतीचे सार हेच आहे, की जमिनीविषयीचे ज्ञान बांधकामापूर्वी कधीच पूर्ण नसते, म्हणून कोणती गोष्ट मोजायची आणि मोजमाप अपेक्षेबाहेर गेल्यास काय करायचे हे आधीच ठरवून निरीक्षण चालू ठेवावे लागते.

मोजमाप करायचे म्हणजे काहीतरी अचल धरून चालावे लागते. माथ्यावर आणि उतारावर पक्के बसवलेले बिंदू असतात, आणि त्यांची पातळी व जागा दोन्ही तीरांवरील खडकात रोवलेल्या संदर्भखांबांवरून मोजली जाते; भरावाच्या आत उभ्या नळ्यांतून इन्क्लिनोमीटर उतरवून नळीचा कल किती बदलला हे पाहतात, आणि निरनिराळ्या खोलीवर पुरलेल्या द्रवभरित पेट्यांवरून आतले थर किती बसले ते कळते. पण संदर्भखांब तरी अचल कशावरून? जलाशय भरला की त्याच्या वजनाने दरीचा तळ आणि तीरही किंचित दबतात, आणि त्यांच्याबरोबर खांबही. मग ते खांब आणखी दूरच्या खांबांवरून तपासावे लागतात, ते उपग्रहांवरून, आणि उपग्रहांच्या गणिताचा आधार असलेली पृथ्वीची चौकट तर सरकत्या भूखंडांवर उभ्या केलेल्या केंद्रांची सरासरी असते. एका आधाराला दुसरा आधार आणि त्याला तिसरा, अशा न संपणाऱ्या मालिकेला नैयायिक अनवस्था म्हणतात आणि तिला दोष मानतात. येथे ती दोष ठरत नाही, याचे कारण असे की मोजणाऱ्याला परम अचलाची गरजच नसते. ज्याचा परिणाम मोजायचा त्यापेक्षा पुष्कळ मंद परिणाम असलेला आधार त्याला पुरतो. कूटस्थाविना व्यवहार चालतो, पण परिणामांतील तरतमभाव ओळखल्याविना चालत नाही.

सांख्यकारिकांत वस्तू असूनही न दिसण्याची आठ कारणे सांगितली आहेत, आणि त्यांपैकी तीन धरणाच्या निरीक्षकाला रोज भेटतात. पहिले सौक्ष्म्य, म्हणजे बदल इंद्रियांच्या आवाक्याहून लहान असणे. दुसरे अभिभव, म्हणजे मोठ्याने लहानाला झाकून टाकणे: जलाशय भरताना माथा खालच्या बाजूला ढकलला जातो आणि उतरताना बराचसा मागे येतो, आणि या मोठ्या परतणाऱ्या हालचालीखाली न परतणारा लहानसा अंश झाकला जातो. तिसरे समानाभिहार, म्हणजे सारख्यात सारखे मिसळल्याने वेगळे न दिसणे: भराव बसण्याचा मिलिमीटर, उन्हाने उपकरण तापण्याचा मिलिमीटर आणि वाचनातील चुकीचा मिलिमीटर हे कागदावर तंतोतंत सारखेच दिसतात. सौक्ष्म्यावर चांगले उपकरण हा उपाय आहे, पण उरलेल्या दोन कारणांवर केवळ काळ हा उपाय आहे. अनेक वर्षांची, सारख्या पाणीपातळीला आणि सारख्या ऋतूत घेतलेली वाचने शेजारी ठेवली म्हणजेच परतणारे आणि न परतणारे वेगळे होते. रडार उपग्रहांनी आता दर काही दिवसांनी अवकाशातून मिलिमीटरांच्या घरातील हालचाल टिपता येते, आणि २०२५ मध्ये भारत-अमेरिकेचा निसार उपग्रह सोडला गेल्याने ही सोय आणखी वाढेल; तरी उपग्रहाला आपल्या दृष्टिरेषेच्या दिशेतलीच हालचाल दिसते, आणि गाभ्याच्या पोटात काय चालले आहे ते त्याला दिसत नाही. जैनांच्या परिभाषेत तो एक नय आहे, वस्तूचे एका बाजूने झालेले खरे पण आंशिक ज्ञान.

येथे बौद्धांचा आक्षेप गंभीरपणे घ्यावा लागतो. क्षणिकवादानुसार प्रत्येक वस्तू क्षणोक्षणी नष्ट होते आणि तिच्याजागी तिच्यासारखी दुसरी उत्पन्न होते. धर्मकीर्ती आणि शांतरक्षित यांच्या परंपरेत सत् असणे आणि क्षणिक असणे यांत भेदच मानलेला नाही. तीच ही वस्तू, अशी ओळख, जिला प्रत्यभिज्ञा म्हणतात, ती कापून पुन्हा वाढलेल्या नखांविषयीही होते, म्हणून ती प्रमाण, म्हणजे यथार्थ ज्ञानाचे साधन, नव्हे. नोंदवहीत खरोखर असतात ते सुटे क्षण. त्यांना जोडणारी वक्ररेषा माणूस काढतो. या आक्षेपाला नैयायिकांनी, विशेषतः उदयनाचार्यांनी, आत्म्याच्या संदर्भात जे उत्तर दिले त्याची सगळी वाट येथे चालण्याची गरज नाही, कारण निरीक्षणाच्या व्यवहारात हा वाद फार मूर्त रूपाने उभा राहतो. माथ्यावरचा रस्ता रुंद करताना एखादा बिंदू उखडला गेला आणि शेजारी नवा बसवला, तर पूर्वीची तीस वर्षांची मालिका त्याला लागू होते काय? जुन्या आणि नव्या बिंदूंची वाचने काही काळ बरोबर घेतली असतील तर होते. घेतली नसतील तर नाही, मग नव्या बिंदूला जुनाच क्रमांक दिलेला असला तरी. म्हणजे एकत्व नावाने मिळत नाही, दुव्याने मिळते. बौद्ध ज्याला संतान, म्हणजे कार्यकारणाने जोडलेला क्षणप्रवाह, म्हणतात त्याचा आणि नैयायिकांच्या स्थिर द्रव्याचा निर्णय तत्त्वज्ञानात काहीही होवो, धरणाच्या बाबतीत दुवा तुटला की दोघांनाही सारखेच अज्ञान प्राप्त होते.

या दुव्याची राखण कोण करतो? वस्त्राच्या उदाहरणात क्रमाचे ग्रहण करणारा एकच असतो. वस्त्र नवे असताना ज्याने पाहिले तोच ते जुने झालेलेही पाहतो. धरणाचे आयुष्य शंभर वर्षे आणि त्याहून अधिक धरतात, तर अभियंत्याची किंवा निरीक्षकाची नोकरी फार तर पस्तीस-चाळीस वर्षांची, आणि त्यातही एका धरणावरची काही थोड्या वर्षांची. या क्रमाचा अनुभव कोणा एकाला होतच नाही. स्मृती नैयायिकांच्या मते प्रमाण नाही, कारण ती पूर्वीच जाणलेले पुन्हा सांगते. आणि जलाशयाच्या पहिल्या भरणीच्या वेळची स्मृती आजच्या निरीक्षकाला तर नाहीच. त्याच्यापुढे असते ती वही, आणि तिच्यातील आकडा हे त्याच्यासाठी शब्दप्रमाण असते, म्हणजे दुसऱ्याच्या वचनावर विसंबून होणारे ज्ञान. शब्द प्रमाण केव्हा होतो? वचन आप्ताचे असेल तेव्हा. आणि वात्स्यायनाने न्यायभाष्यात आप्ताचे जे लक्षण केले आहे ते जन्म, पद किंवा पांडित्य यांवर मुळीच अवलंबून नाही. ज्याने गोष्ट साक्षात पाहिली आहे आणि जशी पाहिली तशी ती दुसऱ्याला कळावी अशी ज्याची इच्छा आहे तो आप्त, आणि हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे, असे तो सांगतो. उन्हात, पावसात, उतारावरच्या निसरड्या दगडी पिचिंगवरून उतरून व्ही-आकाराच्या खाचेतून वाहणाऱ्या पाझराची उंची मोजणारा आणि ती जशी दिसली तशी लिहिणारा कनिष्ठ कर्मचारी या व्याख्येनुसार पूर्ण अर्थाने आप्त आहे, आणि त्याला तसा मान देणारी व्यवस्था उभारणे हे धरणाच्या सुरक्षिततेचे अंग आहे, सौजन्याचे नव्हे.

याच कारणाने जागेवर न जाता, मागील आकड्यांशी जुळेल असा आकडा भरून टाकणे हा साधा आळस मानता येत नाही. असा आकडा संशय उत्पन्न करत नाही, कारण तो वक्ररेषेवर बरोबर बसावा म्हणूनच निवडलेला असतो. आणि वेग वाढू लागण्याच्या ज्या सूक्ष्म खुणेसाठी सगळे निरीक्षण चालते ती खूणच तो पुसून टाकतो. रिकामी जागा प्रामाणिक असते, वाचणाऱ्याला ती आपल्या अज्ञानाची जाणीव देते. खोटा आकडा अज्ञानाला ज्ञानाचे रूप देतो. त्याचा परिणाम भोगणारा माणूस कदाचित अजून जन्मलाही नसेल. असत्याची सामान्य नैतिक चर्चा बोलणारा आणि ऐकणारा समोरासमोर आहेत असे धरून चालते, आणि म्हणून इतक्या लांब अंतरावरून घडणारी हिंसा तिच्यात नीट बसत नाही. तरीही ती हिंसाच आहे, आणि आधुनिक काळातील धर्मविचाराने तिची दखल घेतली पाहिजे.

निरीक्षण किती काळ चालवायचे, हा प्रश्न उरतो. पहिल्या भरणीच्या वेळी वाचने रोज घेतात, नंतर आठवड्याने, महिन्याने, आणि धरण जुने झाले की पावसाळ्यापूर्वी आणि नंतर. लघुगणकाच्या नियमाला हे धरूनच आहे, परंतु त्यातून असा समज होऊ शकतो की पुरेशा वर्षांनी वाचन बंद केले तरी चालेल. येथे कॉग्सवेलचा भराव आठवावा लागतो, आणि योगसूत्रांच्या चौथ्या पादातील निमित्ताचा विचारही. निमित्त प्रकृतीला ढकलत नाही, ते केवळ आवरण दूर करते, असे तेथे म्हटले आहे, आणि त्यासाठी दिलेला दाखला शेतकऱ्याचा आहे: तो पाणी हाताने खालच्या वाफ्यात नेत नाही, मधला बांध फोडतो, आणि पाणी स्वतःच वाहते. दगडांच्या टोकांवर एकवटलेला भार पहिल्या दिवसापासून तेथेच असतो. पावसाने त्यात भर घातली नाही, फक्त अडसर काढला. १२ मे २००८ च्या वेंचुआन भूकंपात चीनमधील १५६ मीटर उंचीच्या झिपिंगपू धरणाचा माथा सुमारे पाऊण मीटर खाली आला, म्हणजे कित्येक दशकांत बसला असता त्याहून अधिक भराव काही क्षणांत बसला. धरण तगले, त्या वेळी जलाशयातील पाणी बरेच खाली होते, हेही तगण्याचे एक कारण. अशा धक्क्यानंतर बसण्याची गणना एका अर्थी पुन्हा सुरू होते, आणि आधीची वाचने अखंड असतील तरच नवे वर्तन जुन्याहून वेगळे ओळखता येते. अभ्यास दृढ होण्यासाठी योगसूत्रांनी पहिल्या पादात घातलेल्या अटी, म्हणजे तो दीर्घकाळ, मध्ये खंड न पडता आणि आदराने केलेला असावा, या साधकासाठी आहेत. पण धरणाच्या वहीला त्यांतील एकही अट माफ करता येत नाही.

भारतात मोठी धरणे पाच हजारांहून अधिक असून त्यांतील सर्वाधिक महाराष्ट्रात आहेत, आणि महाराष्ट्रातील धरणे प्रामुख्याने मातीची आहेत. भराव बसण्याचे तपशील तेथे वेगळे असले तरी ज्ञानाचा हा प्रश्न तोच आहे. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने उपकरणे बसवणे, वाचनांची नोंद ठेवणे आणि पावसाळ्यापूर्वी व नंतर पाहणी करणे ही धरणमालकाची जबाबदारी ठरवली आहे. परंतु मालकाला धरणात रस असतो तो त्याच्या पाण्यापुरता आणि विजेपुरता, आणि जलाशय गाळाने भरत गेला की हा रस ओसरत जाणार. भराव मात्र तेव्हाही उभाच राहील. गाळ पाण्याहून जड असल्याने भरावावरील दाब हटणार नाही, उलट काही अंशी वाढेल, आणि पुराचे पाणी सांडव्यावरून दरवर्षी जातच राहील. म्हणून उपयोग संपल्यानंतरच्या निरीक्षणासाठी लागणारा पैसा आणि माणसे यांची तरतूद धरणाच्या मूळ अंदाजपत्रकातच, पायाच्या खोदाईइतकी अनिवार्य बाब म्हणून, स्वतंत्र निधीच्या रूपाने झाली पाहिजे, आणि जी धरणे आधीच उभी आहेत त्यांच्या बाबतीत ही तरतूद, ती धरणे पाणी देत आहेत तोवरच, त्यांच्या पाणीपट्टीतून आणि वीजदरातून उभारली गेली पाहिजे.